सुरंग घोडी, आंबट चुका

एकतीस वर्षं मी जनावरांची डॉक्टर होते. एवढ्या काळात पेशंटांनी मला लाथा मारल्या, शिंगं लावली, एका बोकडानं तर माझी बदलीची ऑर्डर खाल्ली. पण "काय होतंय?" या प्रश्नाचं उत्तर एकानंही दिलं नाही. माणसांच्या डॉक्टरांचा मला हेवा वाटतो तो एवढ्यासाठीच. त्यांच्यासमोर बसलेला पेशंट निदान खोटं तरी बोलतो. आमच्याकडे पेशंट गप्प आणि बोलायला मालक. मालक मुद्दाम काही लपवतो असं नाही. त्याला जे महत्त्वाचं वाटत नाही ते तो सांगत नाही, आणि बहुतेक वेळा तेच महत्त्वाचं असतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा असं पत्र आलं, तेव्हा मी आधी कुठल्या साली कुठे होते याची यादी करायला बसले. खंडाळा, पाटण, मग पुढे पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. मुलीनं कागद पाहिला आणि म्हणाली, "आई, हे एस.टी.चं वेळापत्रक वाटतंय." यादी फाडली. त्यापेक्षा एका घोडीची गोष्ट सांगते. तिच्यापायी माझी जेवढी फजिती झाली तेवढी साऱ्या नोकरीत मिळून झाली नसेल.

विट्याहून म्हसवडकडे जाताना ऊस विरळ होत जातो आणि मेंढरं दाट होत जातात. त्या रस्त्यावरच्या एका बाजारगावात माझी शेवटची नेमणूक होती. दवाखाना दोन खोल्यांचा. पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. मदतीला पोपटमामा नावाचे परिचर. त्यांचं बालपण मेंढरांमागे गेलेलं. मेंढपाळांचा बाडबिस्तरा घोड्यांवर असतो, त्यामुळे मामांना चालायच्या आधी घोड्यावर बसता येत होतं. माझं उलटं. घोडा हा विषय मी कॉलेजात पुस्तकावरून पास झाले होते. नोकरीत म्हशी, गाई, शेळ्या आणि कोंबड्या यांच्यातून डोकं वर काढायला सवड नव्हती.

अशा वेळी हणमंतराव आपली घोडी घेऊन दवाखान्यात आले. साठीचा माणूस, पण पाठ अशी ताठ की वाटावं सदऱ्यात फळी घातली आहे. पलटणीत खेचरांच्या तुकडीत नोकरी करून निवृत्त झालेले. आता लग्नाच्या वरातीला घोडी द्यायचे. घोडीचं नाव बिजली. स्वभावाचा आणि नावाचा काही संबंध नव्हता. रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं की ती थांबून त्याला आधी जाऊ द्यायची.

त्यांना तब्येतीचा दाखला हवा होता. दाखल्यावर जनावराचं वर्णन लिहावं लागतं, त्यात एक रकाना रंगाचा. मी एक नजर टाकली आणि लिहिलं, तांबडा.

हणमंतरावांनी कागद वाचून परत टेबलावर ठेवला. "म्याडम, तांबडी गाय आसती. ही घोडी हाय."

मी खाडाखोड केली. तपकिरी.

"तपकीर नाकात वडत्यात," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. सैन्यातला माणूस वरिष्ठाला चूक दाखवताना जसा बोलतो तसं बोलले.

पोपटमामा कोपऱ्यात सिरिंज उकळत होते. तिथूनच म्हणाले, "बाई, सुरंग लिवा."

मग मामांनी मला शिकवलं. अंग तांबूस आणि आयाळ, शेपूट काळी असली तर तो कुमैत. अंग, आयाळ, शेपूट सगळं एकाच तांबूस रंगाचं असलं तर सुरंग. बाहेर नेऊन त्यांनी मला घोडी उन्हात उभी करून दाखवली. चिंच-मीठ लावून घासलेला तांब्याचा बंब उन्हात ठेवावा तशी दिसत होती. मी नवा दाखला लिहिला. हणमंतरावांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि जाताना सलाम ठोकला. तो मला होता की मामांना, हे मी विचारलं नाही.

सुरंग रंगाचा त्यांना फार अभिमान, पण धंद्याला तो रंग आड यायचा. नवरदेवाला हवा पांढरा घोडा. एकदा एका नवरदेवाच्या मामांनी हट्टच धरला, तेव्हा पोरांनी बिजलीला खडूची पूड चोळली. वरात अर्ध्या रस्त्यात आली आणि घोडीला घाम फुटला. पांढऱ्यावर तांबडे ओघळ, आणि मरून रंगाची शेरवानी घातलेला नवरदेव कमरेखाली पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. तेव्हापासून हणमंतरावांनी ठरवलं, सुरंग घोडी हवी असेल तर बोलवा, नाहीतर सांगलीहून पांढरी आणा.

त्यांच्या पत्नी शांताक्का. विहिरीवरच्या पाच-सात गुंठ्यांत पालेभाज्या लावायच्या आणि रोज सकाळी स्टँडजवळ, गुरुवारी बाजारात, विकायच्या. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, पण त्यांचं नाव होतं ते चुक्यासाठी. ज्यांना चुका माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जाडसर, गुळगुळीत, मांसल पानांची ही भाजी. पान नुसतं चावलं तरी दातांना शिरशिरी येते इतकी आंबट. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून शिजवायची, घोटायची, वरून लसणाची फोडणी द्यायची. शांताक्कांच्या चुक्याला चिंच, आमसूल काही लागत नसे. मी त्यांची दर गुरुवारची गिऱ्हाईक होते. जुडी देताना त्या मोजून दोन पेंड्या जास्त टाकायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या बिजलीला बगता न्हवं तुमी."

आणि मग बिजली लंगडायला लागली.

पहिल्यांदा पुढचा डावा पाय. मी खूर पाहिला, ठोकून पाहिला. चारच दिवसांपूर्वी मिरजेच्या रशीदभाईंनी नवे नाल ठोकले होते. रशीदभाई मोटारसायकलवर ऐरण बांधून गावोगाव फिरणारे नालबंद. घोड्याच्या खुराला नाल ठोकताना खिळा जरा आत गेला की घोडा लंगडतो, हे पुस्तकात होतं. मी भर बाजारात, दहा माणसांसमोर सांगितलं की खिळा आत गेला आहे. रशीदभाईंनी नाल काढला. खिळ्याच्या भोकातून ना रक्त, ना पू.

"बाई, खिळा जागेवरच होता," ते म्हणाले.

"तरी पण," मी म्हटलं. या "तरी पण"ची मला अजून लाज वाटते.

पंधरा दिवसांत डावा पाय बरा झाला आणि उजवा धरला. मी शीर ताणल्याचं निदान केलं. लेप, पट्टी, दुखणं कमी करायचं इंजेक्शन. तोही बरा झाला, आणि मागचा पाय गेला. पोपटमामा डोकं खाजवत म्हणाले, "बाई, ही रोज येगळ्या पायानं लंगडतीया. नाटक करती का काय?"

नाटक नव्हतं. ती बसली की उठायला कुंथायची. खाणं कमी झालं. मग चेहरा सुजायला लागला, डोळ्यांखाली नाकाच्या दोन्ही बाजूंना टणक उंचवटे. चार महिने होत आले होते. या चार महिन्यांत तिच्या पाठीवर एकही नवरदेव बसला नव्हता. वरातीच्या घोडीला गिऱ्हाईक एकदा सुटलं की परत येत नाही. जनावरांचा एक व्यापारी दोनदा घरी येऊन गेला. पहिल्यांदा हणमंतरावांनी त्याला दारातच नाही म्हटलं. दुसऱ्यांदा बसायला सांगितलं. घोडी नेऊन तो काय करणार हे त्यानं सांगितलं नाही आणि आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही.

हणमंतराव मला म्हणाले, "म्याडम, त्यो परत सोमवारी येनार हाय. तवर काय ते सांगा. तिचे हाल मला बगवंनात."

चेहरा सुजला म्हणजे दाढ किडली असणार, असं मी ठरवलं. शनिवारी सकाळी आम्ही हत्यारं घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. पोपटमामांनी घोडीच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ दिला. असा पीळ दिला की घोडा शांत उभा राहतो. मी तिची जीभ एका बाजूला ओढून धरली आणि दुसरा हात गालाच्या आत घातला. एकेक दाढ चाचपली. सगळ्या घट्ट. एकही किडलेली नाही. शेवटच्या दाढेजवळ बोटांना चोथ्याचा गोळा लागला. तो बाहेर काढला. हिरवा, लिबलिबीत, त्यात तांबूस देठाचे तुकडे.

वास घेतला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दर गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात येणारा वास होता तो.

"अक्का," मी विचारलं, "हिला चुका घालता?"

शांताक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. "घालती की. उरलेला. लय आवडतो तिला. मी बाजारातनं आली की पाटीतच तोंड घालती."

"किती घालता?"

त्यांनी भाजीची पाटी दाखवली. ती पाटी मी डोक्यावर उचलू शकले नसते.

"रोज?"

"रोजच म्हना की. स्टँडवर दुसऱ्या दोघी बसाय लागल्यात, तवापासनं लय उरतोय. टाकायचा कशापायी?"

मी हणमंतरावांकडे वळले. "तुम्हाला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, खायला काय देता. तुम्ही सांगितलं कडबा, गवत, गव्हाचा कोंडा."

"व्हय. कोंडा दोन टाईम, भरपूर."

"आणि चुका?"

"त्यो काय चारा हाय व्हय?" ते म्हणाले. "ती त्या दोघींची गंमत हाय."

मी पायरीवर बसले. मग जे सांगितलं ते इथंही साधं करून सांगते. चुक्यात जो आंबटपणा असतो तो पोटात गेला की अन्नातल्या चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला, धरून बसतो. शरीराला तो चुना मिळत नाही. माणूस आठवड्यातून एकदा डाळीबरोबर वाटीभर खातो, त्याला काही होत नाही. पण घोडीला रोज पाटीभर चुका, वर दोन वेळ कोंडा. नुसता कोंडाही घोड्याच्या हाडांना वाईट. मग शरीर रक्तापुरता चुना स्वतःच्या हाडांतून काढून घ्यायला लागतं. हाडं पोकळ होतात, पाय दुखतात, आज हा, उद्या तो. चेहऱ्याची हाडं आतून मऊ होऊन फुगतात. हे सगळं घोड्यांच्या पुस्तकात आहे. मी ते वाचलं होतं. पासही झाले होते.

शांताक्का ऐकत होत्या. "आमी खातो की, बाई. तुमी बी खाता."

"तुम्ही पाटीभर खात नाही, अक्का."

हणमंतरावांचा चेहरा कठीण झाला. "म्हंजी माझ्या घोडीला तू इख घातलंस," ते बायकोला म्हणाले.

 पोपटमामा दोरीचा पीळ सोडायचंही विसरले. शांताक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"माझा चुका तुमास्नी दिसला," त्या म्हणाल्या. "पर चार म्हैनं सुया टोचल्या, पट्ट्या बांधल्या, त्या गरीब नालबंदाला बोल लावला. तुमच्या चुका कुनी मोजायच्या, बाई?"

त्या आत गेल्या. मी हत्यारं पेटीत भरायला लागले. 

सोमवारी व्यापारी आला तेव्हा हणमंतरावांनी त्याला पुन्हा दारातूनच परत पाठवलं. एवढं एक चांगलं झालं. पण बरं करणं सोपं नव्हतं. रक्ताचा नमुना तपासायला पाठवला. माझ्या जुन्या सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निदान बरोबर आहे. उशीर झालाय. हाडं भरायला महिने लागतील, आणि भरतीलच असं नाही." मग म्हणाले, "तू त्या पेपरात चांगले मार्क मिळवले होतेस." हे त्यांनी कौतुकानं म्हटलं की कशानं, मला कळलं नाही.

चुका बंद, कोंडा बंद. लसूणघास द्यायचा, कारण त्यात चुना भरपूर. रोज चुनखडीची भुकटी आणि क्षारांचं मिश्रण. आधी नुसती विश्रांती, मग मऊ जमिनीवर सकाळ-संध्याकाळ थोडं चालवायचं. मी कागदावर लिहून दिलं. कागद हणमंतरावांनी घेतला, पण काम शांताक्कांनी केलं. चुक्याचा वाफा त्यांनी दुसऱ्याच दिवशी उपटून टाकला आणि तिथं लसूणघास लावला. घोडी भुकटी खाईना, तर गुळात कालवून तळहातावर चाटवायची. सुरुवातीला बिजली रुसली. बाजारातून शांताक्का आल्या की मान लांब करून पाटी हुंगायची आणि तोंड फिरवायची. हणमंतराव सांगायचे, "दोघी यकमेकींम्होरं हुब्या ऱ्हात्यात. कुनीच काय बोलत न्हाई."

माझ्याशीही त्या बोलत नव्हत्या. गुरुवारी मी बाजारात गेले की मेथीची जुडी पुढे करायच्या, पैसे घ्यायच्या, पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहायच्या. जास्तीच्या दोन पेंड्या बंद.

त्याच सुमाराला मी एका रविवारी मिरजेला गेले. रशीदभाईंचं घर शोधून काढलं. म्हटलं, खिळा जागेवरच होता, माझं चुकलं, आणि मी ते दहा माणसांसमोर बोलले होते म्हणून इथं सांगायला आले. ते ऐरणीवर काहीतरी ठोकत होते, ते थांबले नाहीत. संपल्यावर हात पुसत म्हणाले, "ती दहा मानसं तर हितं न्हाईत, बाई." मग आतून चहा आला. पुढच्या गुरुवारी मी बाजारात चहाच्या टपरीसमोर उभी राहून तेच पुन्हा सांगितलं. ऐकायला चौदा जण होते. व्याज म्हणायला हरकत नाही.

महिने गेले. मी पंधरा दिवसांनी जायची, घोडीच्या चेहऱ्याची हाडं दाबून बघायची, पाय उचलून बघायची. सहाव्या महिन्यात तिनं बसल्या जागेवरून एका दमात उठून दाखवलं. शांताक्का तिथं होत्या. मी त्यांच्याकडे पाहून हसले. त्या घोडीकडे पाहत राहिल्या.

मग अश्विनीचा निकाल लागला. त्यांच्याच गल्लीतली मुलगी, स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार झाली. आमच्याकडे आता लग्नापेक्षा अशा मिरवणुका मोठ्या होतात. गुलाल, फेटे, ढोल-ताशा. अश्विनीचे काका सांगलीहून पांढरा घोडा मागवायला निघाले.

अश्विनी म्हणाली, "काका, बिजली असताना भाड्याचं घोडं कशाला? लहानपणी तिच्यावर बसून मी शाळेत गेलीया."

"आगं, ती लंगडी हाय."

"मग मी चालत जाती."

काका माझ्याकडे आले. हणमंतराव आले. शांताक्का आल्या नाहीत. मी घोडीला डांबरी रस्त्यावर चालवून, पळवून पाहिलं. चेहऱ्यावरचे उंचवटे राहिले होते, ते जायचे नव्हते. पाय मात्र चारही सरळ पडत होते. मी सांगितलं, अंतर कमी ठेवा, नाचवायचं नाही, डीजे जवळ आणायचा नाही. आणि नवा दाखला लिहून दिला.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी पोलीस ठाण्यातून फोन. आवाज तरुण आणि घाबरलेला.

"म्याडम, मिरवणुकीच्या परवानगीचा अर्ज आलाय. त्याला तुमच्या सहीचा दाखला जोडलाय."

"बरं."

"अर्जात लिहिलंय," तो वाचायला लागला, "'सदर मिरवणुकीत एक सुरंग आणण्यात येईल. तो गर्दीतून फिरवून देवळासमोर नेण्यात येईल. आवाजाने भडकू नये याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील. आपला विश्वासू, माजी सैनिक.'" त्यानं श्वास घेतला. "आणि म्याडम, तुम्ही त्या सुरंगाला निरोगी व प्रवासास योग्य म्हणून सही दिलीय."

दाखल्यावर घोडी हा शब्द होता, पण अर्जाची टाचणी नेमकी त्यावर बसली होती. हणमंतरावांना घोडी हा शब्द लिहिण्याची गरजच वाटली नव्हती. सुरंग म्हटल्यावर घोडीच, दुसरं काय असणार? मी त्या पोराला समजावून सांगितलं, हा दारूचा सुरुंग नव्हे, घोडीचा रंग आहे. त्यानं विचारलं, मग तांबडी घोडी असं का नाही लिहिलं? मी म्हटलं, "तांबडी गाय असते."  मग त्यानं परवानगी दिली.

मिरवणूक सकाळी निघाली. अश्विनी फेटा बांधून बिजलीवर बसली. लगाम हणमंतरावांनी धरायचा होता, पण निघायच्या वेळी त्यांनी दोरी शांताक्कांच्या हातात दिली. "तुजं ऐकती ती," एवढंच म्हणाले. अक्का नको म्हणाल्या, पदर खोचला आणि पुढे झाल्या. साऱ्या गावासमोर नवऱ्यानं मागितलेली ती माफी होती. त्या माणसाला दुसऱ्या रीतीनं ती मागता आली नसती.

मी आणि पोपटमामा कडेकडेनं चाललो. लोक अश्विनीकडे पाहत होते, बायका औक्षण करत होत्या, पोरं मोबाईल उंच धरून पुढे पळत होती. मी फक्त खुरांकडे पाहत होते. डावा, उजवा, मागचा, मागचा. चावडीजवळ घोडी एकदम थांबली. ढोल थांबला.  हणमंतराव दोन पावलं पुढे आले. बिजलीनं शांतपणे शेपूट वर केली, भर रस्त्यात लीद टाकली, आणि पुन्हा चालायला लागली. मामांनी वाकून पाहिलं आणि मला खूण केली, बेस हाय. ढोलवाल्यांनी दुप्पट जोरात सुरू केलं.

देवळाशी पोचेपर्यंत एक पाऊलही चुकलं नाही. अश्विनी उतरली, तिनं घोडीच्या मानेवर हात फिरवला, मग वाकून शांताक्कांच्या पाया पडली. गर्दी तिला घेऊन आत गेली. घोडीपाशी आम्ही चौघंच उरलो.

"कुठल्या पायानं लंगडली?" शांताक्कांनी विचारलं. इतक्या महिन्यांतला हा त्यांचा माझ्याशी पहिला शब्द.

"कुठल्याच नाही."

"मी बी बगत हुते." त्यांनी दोरी नवऱ्याकडे दिली आणि पायरीकडे निघाल्या. तेव्हा मला दिसलं. त्या लंगडत होत्या. उजवा गुडघा वाकत नव्हता, प्रत्येक पावलाला हात मांडीवर ठेवावा लागत होता. सगळ्या रस्त्यानं मी चार पायांवर नजर ठेवली होती, आणि त्यांच्या पुढे चाललेले दोन पाय मला दिसले नव्हते. महिनोन् महिने सकाळ-संध्याकाळ घोडीला चालवायचं मीच लिहून दिलं होतं. चालवणारी किती चालते, हे त्या कागदावर नव्हतं.

"अक्का, हे कधीपासून?"

"हाय की. दिवाळीपासनं."

"सांगितलं का नाही?"

"तुमी जनावरांच्या डाक्टर," त्या बसत म्हणाल्या. "माझं तुमास्नी काय कळायचं?" आणि हसल्या. मीही हसले, पण दोन दिवसांनी त्यांना गाडीत घालून सांगलीला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. गुडघा वाकवून पाहिला, फोटो पाहिला. काळजीचं फार नव्हतं. झीज होती, आणि अंगात कॅल्शियम कमी. ते शब्द ऐकल्यावर शांताक्कांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी छताकडे पाहायला लागले. डॉक्टरांनी पेन हातात घेऊन सहज विचारलं, "खाण्यात काय काय असतं, आजी?"

शांताक्कांनी पदर सावरला, खुर्ची पुढे ओढली आणि सकाळच्या पहिल्या चहापासून सांगायला सुरुवात केली. चहात दूध किती, साखर किती, भाकरी कशाची, तिच्यावर मीठ कसं, शेतात जाता जाता तोडून तोंडात टाकलेला पाला कोणता, बाजारात कुणी दिलेली भजी, एकादशीचा साबुदाणा, सोडलेलं काय, वाढवलेलं काय. डॉक्टर दोनदा "बरं, बरं" म्हणाले. बाहेर पेशंटांची रांग होती. तिसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "पेन ठेवू नका. लिहून घ्या."